माया किती ठेवली?

मुलगी बघायला म्हणून मी इचलकरंजीला गेलो, तेव्हा मुलीच्या वडिलांनी माझ्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही. पगार विचारला नाही, पत्रिका विचारली नाही, अमेरिकेत नक्की कुठं असता तेही विचारलं नाही. ते माझ्या खांद्यांकडे बघत होते. मी पोह्यांची बशी उचलली की त्यांची मान जराशी डावीकडे कलायची. मी बशी खाली ठेवली की सरळ व्हायची. दोन-तीनदा असं झाल्यावर मला राहवेना.

"काही चुकलं का माझं?"

"तुमचं नाही," ते म्हणाले. "डावा खांदा अर्धा इंच खाली आहे. जन्मापासूनच असणार. असू दे, पॅड घालू आपण."

असा मी पसंत पडलो.

माझे सासरे लेडीज टेलर होते. दहा बाय आठचं दुकान, एक पायमशीन, भिंतीला लटकलेले ब्लाउज आणि त्या ब्लाउजांखाली बसलेले हे. गाव त्यांना मास्तर म्हणायचं. तोंडावर मी त्यांना बाबा म्हणत आलो, पण मनातून ते कायम मास्तरच होते. इथंही मी तेच म्हणणार.

लग्नातला माझा कोट आपणच शिवणार, असा त्यांनी हट्ट धरला. आयुष्यभर बायकांचे कपडे शिवलेला माणूस. सवयीनं त्यांनी कोटाच्या पुढच्या भागाला दोन टक्स घातले. लग्नाच्या फोटोंत मी भरल्या छातीचा दिसतो, आणि एका फोटोत तर माझ्याच मावशीनं मला ओळखलेलं नाही. पण खरी गंमत कोटाच्या आत होती. मी कोट उलटा करून पाहिला तर शिवणीला आतून दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच कापड दुमडून ठेवलेलं.

"हे काय, बाबा?"

"माया."

टेलरची माया म्हणजे शिवणीत आतून राखलेलं जास्तीचं कापड. पुढं अंग वाढलं तर शिवण उसवायची, मायेतलं थोडं कापड सोडायचं, कपडा परत बसतो.

"पण एवढी?"

"जावईबापू," ते अत्यंत सहानुभूतीनं म्हणाले, "तुम्ही सुटणार."

मी तेव्हा एकोणतीस कमरेचा होतो. मनाला लागलं माझ्या. आता तो कोट तीनदा उसवून झालाय. अजून पाऊण इंच शिल्लक आहे, आणि तो पाऊण इंच मी फार विचारपूर्वक खर्च करतोय.

मास्तरांच्या लेखी जगातल्या सगळ्या बऱ्यावाइटाचं मूळ एकच होतं: माया ठेवली की नाही. विमान सातचं असेल तर ते दुपारी एकला बूट घालून दारात बसायचे. "सहा तास आधी?" म्हटलं तर "प्रवासाला माया लागते." चहाचा कप काठोकाठ भरला की चिडायचे. मी गाडी पार्क करताना दुसऱ्या गाडीच्या जवळ गेलो की मागून आवाज यायचा, "माया! माया ठेवा!" शेजारचा अमेरिकन हे ऐकून एकदा माझ्या बायकोला म्हणाला, तुमचे वडील फार प्रेमळ दिसतात, सारखं मुलीला हाक मारतात. माझ्या बायकोचं नाव सुजाता आहे. पण त्याला समजावून सांगायचं म्हणजे शिवणकामापासून सुरुवात करावी लागली असती.

सासूबाई गेल्यानंतर सुजातानं त्यांना आमच्याकडे व्हर्जिनियाला आणलं, अ‍ॅशबर्नला. अ‍ॅशबर्नमध्ये एक तर भारतीय राहतात, नाही तर डेटा सेंटर. मास्तर रोज सकाळी फिरायला जायचे आणि त्या लांबच लांब, खिडक्या नसलेल्या इमारतींसमोर थांबून हळहळायचे. "एवढं मोठं शिवलं, आणि काज पाडायला विसरले." गल्लीतल्या माणसांची नावं त्यांनी कधीच लक्षात ठेवली नाहीत. मापं ठेवली. "तो बेचाळीस भेटला होता. त्याच्या बायकोचा उजवा खांदा दुखतो का गं? उचलून धरते." दुखत होता. त्या बाईनं सुजाताला विचारलं, तुझे वडील डॉक्टर आहेत का.

"नाही," सुजाता म्हणाली. "ते टेक्स्टाइलमध्ये होते."

हे वाक्य माझ्या बायकोनं अमेरिकेत इतक्या वेळा उच्चारलं होतं की ते तिला इस्त्री केल्यासारखं गुळगुळीत यायचं. इचलकरंजी म्हटलं की लोकांना यंत्रमाग आठवतात. ऐकणारा समजायचा, यांची मिल असणार. सुजाता त्याला तसं समजू द्यायची. खोटं म्हणता येत नव्हतं, खरंही नव्हतं.

मी तिची बाजू सांगतो, कारण ती स्वतः सांगणार नाही. लहानपणी शाळेतून आली की ती दुकानाच्या पायरीवर बसून ब्लाउजांना हूक लावायची. वर्गातल्या पोरींच्या आयांचे ब्लाउज ते. पोरी जाता-येता तिला 'ए हूक' म्हणून हाक मारायच्या. कॉलेजात सांगलीला गेल्यावर तिथंही एक त्यातलीच पोरगी निघाली, आणि नाव तिथंही पोचलं. सुजाता आज एका मोठ्या कंपनीत पन्नास माणसांवर साहेब आहे. त्या पन्नासांत कुणी मोठ्यानं हूक म्हटलं, अगदी सॉफ्टवेअरच्या संदर्भात म्हटलं, तरी तिचे कान लाल होतात.

मास्तरांना हे सगळं ठाऊक होतं. ते टेक्स्टाइलवर कधी काही बोलले नाहीत.

अडचण अशी झाली की त्यांना करायला काही उरलं नाही. आमच्या घरात पाच खोल्या, तीन टीव्ही आणि सुईदोरा म्हणून हॉटेलातून आणलेली काडेपेटीएवढी एक पुडी. त्या पुडीवर त्यांनी एकच प्रयोग केला. माझी पंधरा वर्षांची मुलगी रिया, तिची एक ढगळ हूडी होती. आजोबांना वाटलं पोरीला चुकून मोठा कपडा विकलाय कुणीतरी. त्यांनी एका दुपारी हातशिलाईनं ती हूडी इतकी सुरेख अंगाबरोबर केली की शिवण शोधून सापडू नये. रिया घरी आली आणि किंचाळली.

"आजोबा, नो! दॅट वॉज ओव्हरसाइज्ड ऑन पर्पज!"

"पोरी, तुझं अंग बत्तीस आणि हे चव्वेचाळीस. एवढी माया कुणी ठेवतं होय?"

त्या संध्याकाळी सुजाता त्यांना म्हणाली, "बाबा, इथं असं कुणी करत नाही. फाटलं तर नवीन आणतो आपण. तुम्ही आता आराम करा." आवाज गोडच होता तिचा. मास्तरांनी सुई पुडीत परत खोचली आणि पुडी ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. त्यानंतर सात-आठ महिने त्यांनी आराम केला. असा कठीण आराम मी कुणाला करताना पाहिला नाही. सोफ्यावर बसायचे आणि त्यांचे पाय खाली सारखे हलत राहायचे, टाच-चवडा, टाच-चवडा.

त्यांचं ग्रीन कार्ड आलेलं होतं. पण इकडे येतानाच त्यांनी परतीचं तिकीट काढायला लावलं होतं. "माया म्हणून राहू दे." त्या तिकिटाची तारीख जवळ आली. ते गेले आणि तिकडेच राहिले तर ग्रीन कार्डही जाणार, हे सुजाताला दिसत होतं. आई गेल्यावर तिला उरलेलं माहेर म्हणजे हा एकच माणूस. ती रोज विचारायची, "कॅन्सल करू ना, बाबा?" ते रोज म्हणायचे, "बघू की."

म्हणून ही ट्रिप. खरं सांगायचं तर ती लाच होती. सुजाताचा हिशेब असा की बाबांना एकदा छानसं काही दाखवलं, नातीबरोबर आठ दिवस घालवू दिले, की विरघळतील. मेक्सिकोत युकातानला जायचं, तिथली हजार-दीड हजार वर्षांपूर्वीची शहरं आणि स्पॅनिश लोकांनी वसवलेली गावं बघायची. तिकीट चालू ठेवायचं की नाही ते ट्रिपच्या शेवटी बाबांनी सांगायचं, असं दोघांत ठरलं.

"कुणाची शहरं म्हणालीस?" मास्तरांनी विचारलं.

"माया लोकांची."

त्यांनी पेपर खाली ठेवला. "टेलर होते?"

"नाही हो बाबा. पिरॅमिड बांधायचे."

"असू दे. नाव बरं ठेवलंय."

विमानतळावर आम्ही साडेपाच तास आधी पोचलो.

चिचेन इत्झाचा तो मोठा पिरॅमिड समोर आला तेव्हा सगळे लोक फोन वर करून उभे होते. मास्तर एक डोळा मिटून, अंगठा पुढं धरून उभे होते. गाइडनं सांगितलं, वर चढायला आता बंदी आहे. मास्तर म्हणाले, वर कशाला जायचंय, बेत खालूनच कळतो. मग गाइडनं टाळी वाजवून दाखवली. पायऱ्यांवरून टाळीचा आवाज परत येतो तो पक्ष्याच्या चीत्कारासारखा. रियानं टाळी वाजवली, मी वाजवली, सुजातानं वाजवली. मास्तरांनी वाजवली नाही. म्हणाले, "उगाच त्याला कशाला बोलायला लावायचं, उन्हात उभा आहे बिचारा."

पण गाइड पुढं जे बोलला त्यानं मात्र ते हलले. या पिरॅमिडच्या पोटात आणखी एक लहान, जुना पिरॅमिड आहे, तो म्हणाला. नवा राजा आला की जुनं पाडायचे नाहीत, त्याच्यावरच मोठं बांधायचे.

मी भाषांतर केलं. मास्तरांनी माझा हात धरला. "म्हणजे न उसवता मोठं केलं?"

"हो."

"आतला तसाच ठेवून?"

"हो, बाबा."

"जावईबापू, तुमचा कोट आठवा," ते म्हणाले, आणि त्या दगडी ढिगाऱ्याकडे एका कारागिरानं दुसऱ्याकडे बघावं तसं बघत राहिले.

इतक्यात मागून कुणीतरी ओरडलं, "अय्या, मराठी!"

परदेशात ही हाक ऐकली की पळून जायचं नसतं. पळता येतही नाही. एक चाळिशीतलं जोडपं, दोघांच्या डोक्यावर सारख्या टोप्या. "आम्ही बॉथेलचे. सिॲटलजवळ. तुम्ही? अ‍ॅशबर्न? अय्या, माझी बहीण अ‍ॅशबर्नलाच असते!" हॉटेलही एकच निघालं. लग्नाचा पंधरावा वाढदिवस साजरा करायला आले होते. बाईंनी मास्तरांना वाकून नमस्कार केला. "काका तिकडे काय करायचे?"

"टेक्स्टाइलमध्ये होते," सुजाता म्हणाली.

"वा! मोठं काम," बॉथेलचे गृहस्थ म्हणाले.

मास्तर पिरॅमिडच्या पायऱ्या मोजत होते. कितीव्या पायरीवर थांबले ते मला दिसलं नाही, पण मोजणं थांबलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही व्हायादोलिदला होतो, आमचं हॉटेल तिथंच होतं. स्पॅनिश काळातलं गाव. मधोमध चौक, चौकाच्या एका अंगाला जुनं चर्च, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळी, गुलाबी, निळी बुटकी घरं. सुजाता चर्चचे फोटो काढत होती, मी रांगेत उभा राहून आइसक्रीमचा अभ्यास करत होतो. मास्तर गायब. शोधायला गेलो तर कोपऱ्यावरच्या एका दुकानातून कालवा ऐकू आला, आणि त्या कालव्यात आमच्या मास्तरांचा आवाज.

ते दुकान उईपिलांचं. उईपिल म्हणजे तिथल्या बायका घालतात तो पांढरा सैल झगा, गळ्याला आणि घेराला भरतकाम. दारात पायमशीन. मशीनवर साठीच्या एक बाई. मास्तरांनी हँगरवरचा एक उईपिल काढून तो उलटा केला होता, शिवण चिमटीत धरली होती आणि त्या बाईंना विचारत होते:

"माया?"

बाईंनी छातीवर हात ठेवला. अभिमानानं होकाराची मान हलवून म्हणाल्या, "सी. माया."

"नाही हो. माया?" मास्तरांनी मान हलवली.

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी परत छातीवर हात आपटला. "माया!"

"अहो नाहीये! कुठंय माया?"

बाई उठल्या. आतून त्यांनी बहिणीला बोलावलं. बहिणीनं मास्तरांकडे रोखून पाहत सांगितलं, "माया!" मास्तरांनी दुसरा उईपिल उलटा केला, शिवण तपासली आणि दुःखानं म्हणाले, "ह्यातपण नाही." तेव्हा दोघी बहिणी आत गेल्या आणि त्यांनी आपल्या म्हाताऱ्या आईला खुर्चीसकट बाहेर आणून ठेवलं. नव्वदीची असेल. तिनं काठी जमिनीवर आपटली आणि तोंडात एकही दात नसताना जे काही ठणकावून सांगितलं त्यातला एकच शब्द मला कळला.

रिया धावत आली. ती शाळेत स्पॅनिश शिकते. दोन मिनिटं ऐकून ती माझ्याकडे वळली, डोळे विस्फारलेले. "बाबा, धिस इज सो बॅड! दे थिंक आजोबा इज सेइंग दे आर नॉट रिअली माया!"

मी तिला मराठी माया समजावली. शिवणीला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात ते तिला येईना. मग तिनं सरळ आपल्या कुर्त्याची बाजू उलटी केली. तो कुर्ता आजोबांनी इचलकरंजीहून शिवून आणलेला. आत दुमडलेलं दीड इंच कापड तिनं बाईंना दाखवलं, त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "माया." मग स्वतःचे गाल फुगवले, पोट पुढं काढलं आणि शिवण उसवल्याचा अभिनय केला.

बाईंनी एकदा शिवणीकडे पाहिलं, एकदा मास्तरांकडे. मग त्या इतक्या हसल्या की त्यांना मशीनचा आधार घ्यावा लागला. म्हातारीला काही कळलं नव्हतं, पण सगळे हसतात म्हणून तीही हसली. हसणं थांबल्यावर बाईंनी एक उईपिल टेबलावर पसरला. चौकोनी, सरळ, कुठं कमरेत घेतलेला नाही, कुठं आत दुमडलेला नाही. रियामार्फत सांगितलं, हा असाच असतो. पंधराव्या वर्षी घालतात, मूल पोटात असताना घालतात, म्हातारपणी घालतात. उसवावा लागत नाही.

मास्तर तो कपडा दोन्ही हातांनी चाचपत बराच वेळ उभे होते. "अगं ही सगळीच माया आहे की," ते म्हणाले.

रियानं त्याचं काय भाषांतर केलं कोण जाणे. बाईंनी स्टूल पुढं ओढलं, त्यांना बसवलं आणि मशीनकडे बोट दाखवून कपाळाला हात लावला. पट्टा सटकत होता. मास्तर खाली बसले, पट्टा काढला, त्यातला एक इंच कापून पुन्हा जोडला, चाकावर चढवला. मग बाईंनी काहीही न बोलता आपला अर्धा राहिलेला उईपिल मशीनवर ठेवला आणि बाजूला झाल्या.

मास्तरांनी चपला काढल्या. पाय मशीनच्या पायडलवर ठेवले. टाच-चवडा, टाच-चवडा. मशीन धावायला लागलं. आमच्या सोफ्याखाली आठ महिने चाललेला तो खेळ, आता त्याला आवाज आला.

सुजाता कधी दारात येऊन उभी राहिली ते मला कळलं नाही. ती काही बोलणार तेवढ्यात तिच्या मागून सारख्या टोप्या आत शिरल्या.

"अय्या! काका मशीनवर? टेक्स्टाइलवाल्यांना शिवताही येतं?"

मशीन थांबलं. मास्तर झटकन उभे राहिले. चपला शोधायला लागले, एक सापडली, दुसरी सापडेना.

"काही नाही हो," ते म्हणाले. "हौस म्हणून बसलो. मी आपला... टेक्स्टाइलमध्येच."

मी या माणसाला वीस वर्षं ओळखतो. त्यांनी गिऱ्हाइकाला कधी 'उद्या देतो' असंसुद्धा खोटं सांगितलं नव्हतं, आणि असं न सांगणारा टेलर मी दुसरा पाहिलेला नाही. लेकीसाठी त्यांनी ते वाक्य म्हटलं, आणि तेसुद्धा त्यांना नीट जमलं नाही. एका पायात चप्पल घालून उभे होते.

सुजाताचे कान लाल झाले होते. मला वाटलं, आता ही नेहमीसारखी विषय बदलेल, चर्च किती जुनं आहे ते सांगेल.

"हौस कसली, बाबा?" ती म्हणाली. आवाज जरा मोठाच झाला, आतल्या म्हातारीनंही मान वळवली. "माझे वडील लेडीज टेलर आहेत. इचलकरंजीत आमचं दुकान आहे. मी त्या दुकानात हूक लावत मोठी झाले."

मास्तर खाली वाकून दुसरी चप्पल शोधत होते ते वाकलेलेच राहिले.

आणि मग बॉथेलच्या बाईंनी दोन्ही हात गालांवर ठेवून किंकाळी फोडली. "अहो मग काल पिरॅमिडपाशीच नाही का सांगायचं! माझा ब्लाउज बसत नाहीये!"

आणि त्या हॉटेलकडे पळत सुटल्या.

झालं होतं असं की बाई पंधराव्या वाढदिवसासाठी पैठणी घेऊन आल्या होत्या. जवळच इसामाल नावाचं गाव आहे, ते गावच्या गाव पिवळ्या रंगानं रंगवलंय, अख्ख्या गावाला हळद लावल्यासारखं. त्या पिवळ्या भिंतींपुढं जांभळ्या पैठणीतला फोटो, असा बेत. आणि ऑनलाइन मागवलेला ब्लाउज आदल्या दिवशी घालून पाहिला तर हूक आणि काज एकमेकांना ओळख दाखवेनात. नवरा मला हळूच म्हणाला, "यार, मी म्हटलं वरून शाल घे. चार तास बोलली नाही माझ्याशी."

ब्लाउज आला. मास्तरांनी तो उलटा केला आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी डॉक्टरांच्याच चेहऱ्यावर पाहिलंय.

"कुणी शिवला?"

"ऑनलाइन बुटीकमधून..."

"माणूसच होता ना?"

आत सूतभरही माया नव्हती. शिवण अगदी कडेला कापून, मशीननं बंद करून टाकलेली. बाईंचे डोळे भरून आले. मास्तरांनी तोंडात टाचण्या धरल्या आणि हातानंच सांगितलं, रडायचं नाही. उईपिलवाल्या बाईंनी मागितल्याशिवायच चिंध्यांची टोपली पुढं केली. त्यातून मास्तरांनी भरतकामाची एक पट्टी निवडली, लाल-जांभळ्या फुलांची, आणि ती ब्लाउजच्या दोन्ही बाजूंना, बगलेपासून कमरेपर्यंत जोडायला घेतली. एक बाजू त्यांनी शिवली, दुसरी त्या बाईंनी. दोघं एकमेकांशी आपापल्या भाषेत अखंड बोलत होते आणि दोघांचं कुठंही काही अडत नव्हतं.

"हूक पुढं सरकवायला लागतील," मास्तर मान वर न करता म्हणाले. नेमकं कुणाला उद्देशून ते सांगितलं नाही.

सुजातानं पर्स माझ्याकडे दिली, पायरीवर बसली आणि ब्लाउज मांडीवर घेतला. सुईत दोरा एका फटक्यात ओवला. रिया तोंड उघडं टाकून बघत राहिली.

"मॉम! यू नो हाउ टु डू धिस?"

"गप्प बस आणि दोरा धर."

सहा हूक. शेवटचा लावून तिनं दोरा दातानं तोडला आणि ब्लाउज बाबांच्या हातात दिला. मास्तरांनी तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

"चौथा तिरका आहे."

"नाहीये, बाबा."

"आहे."

तिनं चौथा उसवून परत लावला. मला उन्हात काही नीट दिसत नव्हतं, पण ती हसत होती असं माझं मत आहे. रिया म्हणते रडत होती.

इसामालला फोटो झाले. आम्हालाही बोलावलं होतं. बाईंनी दोन्ही हात वर करून पट्टी दिसेल असेच सगळे फोटो काढून घेतले. नवरा फोटोंत शाल हातात घेऊन मागं उभा आहे.

परतीच्या दिवशी आम्ही कानकूनच्या विमानतळाकडे निघालो, अर्थात फार लवकर. सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना जंगल. मी चालवत होतो, मास्तर माझ्या शेजारी, सुजाता आणि रिया मागं. मग सुजातानं फोन हातात घेतल्याचं मला आरशात दिसलं.

"बाबा, तिकिटाचं काय करायचं? आज सांगणार होता तुम्ही."

"ठेव की."

तिनं खाली पाहिलं. "म्हणजे जाणार?"

"जायला नको? कात्री तिकडं आहे माझी."

"कात्र्या इथं हव्या तेवढ्या मिळतात, बाबा."

"मिळतात. हाताला बसलेली लागते. मशीनही घेऊन येतो, पाय सुटे करून बॅगेत बसतं. दुकानाची किल्ली शेजारच्या पानवाल्याला देऊन टाकतो." मग जरा थांबून म्हणाले, "परत यायचं तिकीट जोड त्याला. दिवाळीच्या आधी महिनाभर बघ."

"महिनाभर आधी कशाला?"

"अकरा ब्लाउज घेतलेत अंगावर."

"अकरा! कुणाचे?"

"त्या बॉथेलच्या बाईंच्या बहिणीचे. आपल्या मागच्याच गल्लीत राहते म्हणे. हा घे, नंबर दिलाय." त्यांनी खिशातून हॉटेलचा कागदी रुमाल काढून मागं दिला. "फोटोही दाखवला तिचा. माप छत्तीस सांगत होती. अडतीस आहे."

सुजातानं अडतीस लिहून घेतलं.